बेसमेंटमध्ये बुडालेली गाडी आणि नाकारलेला इंजिनचा क्लेम

प्रश्न : जुलैतील अतिवृष्टीत, भरतीच्या वेळीच, सीबीडी बेलापूर येथील आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरले व गाडी सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर मुलाने स्टार्टर मारला. गाडी क्षणभर सुरू होऊन बंद पडली. विमा कंपनीने आतील सफाई व वायरिंगचा खर्च मंजूर केला, परंतु इंजिनचा नाकारला. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह (सर्वसमावेशक) असताना कंपनीला असे करता येते का? – एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : पुरामुळे झालेले नुकसान आपल्या पॉलिसीच्या ‘ओन डॅमेज’ (स्वतःच्या गाडीचे नुकसान) भागात येते, हे कंपनीनेही मान्य केले आहे, वाद आहे तो इंजिन नेमके कशाने गेले याचा. बुडालेल्या गाडीत एअर फिल्टरच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी उतरते आणि हवेसारखे पाणी दाबले जात नसल्यामुळे, स्टार्टर मारताच वर येणारा पिस्टन अडतो व कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपन्या याला पुराचे थेट नुकसान न मानता नंतरच्या कृतीतून उद्भवलेले नुकसान मानतात, आणि तसे नुकसान मूळ पॉलिसीतून वगळलेले असते. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्शन’ हे ॲड-ऑन वेगळा प्रीमियम भरून घ्यावे लागते. आपल्या पॉलिसीतील प्रीमियमच्या तक्त्यात ते आहे का, हे आधी पाहावे.

ते नसले तरी इंजिनचा सगळाच खर्च नाकारणे मला योग्य वाटत नाही. इंजिन खोलून साफ करणे, ऑइल बदलणे, भिजलेले सेन्सर बदलणे ही कामे स्टार्टर मारला नसता तरीही करावीच लागली असती. म्हणून वर्कशॉपकडून एस्टिमेट दोन भागांत मागावे : पाण्यामुळे लागलेला खर्च वेगळा आणि वाकलेल्या रॉडचा वेगळा. त्याचबरोबर नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत आणि नकाराचे कारण, पॉलिसीतील कलमासह, लेखी मागावे. कंपनीच्या तक्रार निवारण विभागाने महिनाभरात उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाच्या ठाणे कार्यालयात अर्ज करता येतो. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

मंजूर रकमेतही रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो. घसारा न कापण्याचे ‘झीरो डेप’ ॲड-ऑन असेल तरच ही कपात टळते.

नव्या गाडीच्या मालकांनी आणखी एक गोष्ट तपासावी, कारण यात अनेकांची गफलत होते. सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीचा) विमा तीन वर्षांचा मिळतो, मात्र ‘ओन डॅमेज’ बहुधा एकाच वर्षाचा असतो. तो संपल्यावर केवळ थर्ड पार्टीवर पुराचा एक रुपयाही मिळत नाही.

गाडी पुन्हा पाण्यात सापडलीच, तर चावी फिरवू नये. पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढावेत, कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि गाडी टो करूनच वर्कशॉपला न्यावी.