वाचक विचारतात : ड्यूक कहानामोकूचा वेग

प्रश्न : हवाईचा जलतरणपटू ड्यूक कहानामोकू याचा १९११ चा विक्रम का नाकारला गेला? तो खरंच इतका वेगवान होता का?

उत्तर : होता. ११ ऑगस्ट १९११ रोजी होनोलुलू बंदरात तो १०० यार्ड, म्हणजे ९१.४४ मीटर, ५५.४ सेकंदांत पोहला. मान्य विक्रमापेक्षा तब्बल ४.६ सेकंद कमी! अमेरिकेच्या हौशी क्रीडा संघटनेने घड्याळांवर आणि प्रवाहावर शंका घेतली. प्रवाहाची शंका गैर नव्हती. सेकंदाला १० सेंटिमीटरचा अनुकूल प्रवाह असला तरी एवढ्या अंतरात सुमारे साडेतीन सेकंद वाचतात. म्हणूनच खुल्या पाण्यातली वेळ जपून वाचावी.

पण १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने १०० मीटरचं सुवर्ण ६३.४ सेकंदांत जिंकलं, तेव्हा प्रवाहाचा मुद्दा मागे पडला. तिथली शर्यत खाडीत आखलेल्या १०० मीटरच्या सरळ मार्गावर होती. मध्ये वळण नव्हतं. भिंतीला पाय लावून मिळणारा रेटा नाही, म्हणजे सगळा वेग हातापायांचा. आजच्या तलावातल्या वेळांशी त्याची तुलना करताना हे विसरू नये.

महायुद्धामुळे १९१६ चं ऑलिंपिक झालंच नाही आणि ऐन उमेदीची वर्षं गेली. तरीही १९२० मध्ये अँटवर्पला, वयाच्या तिशीत, त्याने पुन्हा सुवर्ण मिळवलं. १९२४ मध्ये पॅरिसला ५० मीटरच्या तलावात जॉनी वाइसम्युलरने ५९ सेकंदांत त्याला मागे टाकलं. ड्यूक ६१.४ सेकंदांसह दुसरा, धाकटा भाऊ सॅम तिसरा.

प्रश्न : ड्यूकसारखी किक, म्हणजे पोहताना पायांचे फटके, कशी मारायची?

उत्तर : दोन्ही हातांच्या एका फेरीत पायांचे सहा फटके, म्हणजे प्रत्येक हातामागे तीन. हालचाल कंबरेतून, गुडघा जरासाच वाकलेला, घोटा सैल. बहुतेकांचं चुकतं ते गुडघ्यात : सायकल चालवल्यासारखा पाय दुमडला की मांडी पाणी अडवते आणि वेग पडतो. घोटा ताठ असेल तर पावलं पाणी मागे ढकलतच नाहीत. आधी फळी धरून २५ मीटर फक्त पाय मारा, मग एका हाताला तीन फटके मोजत पोहा. दम लागताच मोजणी चुकते. तिथे थांबा, घाईने पुढे रेटू नका.