कुत्र्याच्या तीन महिन्यांच्या पिल्लाने सोसायटीच्या बागेतलं फूल खाल्लं, आता काय करू?

आधी तोंडात बोट घालून उरलेल्या पाकळ्या काढा, ओल्या फडक्याने हिरड्या पुसा. मग फूल कुठलं ते बघा, सगळं त्यावर आहे.

जास्वंद किंवा गुलाब असेल तर फार घाबरू नका, एखादी उलटी किंवा पातळ शी होईल, एवढंच. फक्त झाडावर नुकती फवारणी झाली होती का, ते माळीकाकांना विचारा. पण कण्हेर असेल, गुलाबी, पांढरी किंवा ती पिवळी घंटेसारखी बिट्टी, तर वाट बघत बसू नका, लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. तिच्या पानाफुलांतलं विष थेट हृदयाचे ठोके बिघडवतं. पिल्लू आत्ता उड्या मारतंय म्हणून निर्धास्त राहू नका. सदाफुलीही विषारीच.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा सल्ला शेजारचे हमखास देतील. ऐकू नका, मिठानेच जीव जाऊ शकतो. दुधाने विष उतरत नाही.

आमच्या नेरूळच्या सोसायटीत कुंपणाला कण्हेरच आहे. आमच्या बंड्याने फूल चघळलं तेव्हा मी पानाफुलासकट डहाळी पिशवीत घालूनच रिक्षात बसले. डॉक्टरांनी ती बघून लगेच ओळखली, नुसत्या 'गुलाबी फूल' या वर्णनावरून काय कळणार होतं? तुम्हीही डहाळी न्या, खाल्ल्याची वेळ आणि पिल्लाचं वजन सांगा. निघतानाच फोन करा, रात्री सगळे दवाखाने उघडे नसतात.