भूतानला स्वतःचं सैन्य कशाला?

तुम्ही टिळकवाडीतल्या अभ्यासिकेत परीक्षेची तयारी करताय आणि विचारलंय, की भूतानसारख्या एवढ्याशा देशाने सैन्यावर पैसा घालायचाच कशाला? चीन आला तर त्या काही हजार जवानांचं काय चालणार, आणि भारत पाठीशी आहेच. वर दोघांनी "मग सैन्य मोडूनच टाकावं" असंही लिहिलंय. मला ते अजिबात पटत नाही. मी बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये रंगरूट म्हणून भरती झालो आणि नोकरीतली दोन वर्षं भूतानी सैन्याला शिकवणाऱ्या आपल्या तुकडीत काढली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गावाकडचं सांगतो. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जंगलाला लागून. भात पोसवलं की रात्री गवे उतरतात. आमची जमीन दीड एकर, आणि खालच्या बांधाला लागून एका मोठ्या शेतकऱ्याची बारा एकर. त्यांचा पगारी राखणदार होता, त्याच्याकडे बॅटरी होती, फटाके होते. वडील आजारी पडले त्या साली आमच्या माळ्यावर कुणीच बसलं नाही. शेजारी माणूस आहेच, असं आम्ही धरून चाललो. गवे आले तेव्हा त्याने इमानाने हाकलले, पण मालकाच्या शेतातून. कळप बांध ओलांडून आमच्यात घुसला. सकाळी चिखलात वीतभर खोल खूर उमटलेले आणि भात आडवं. त्या माणसाचा काही दोष नव्हता. त्याला पगार त्या बारा एकरांचा होता.

मोठ्या देशाच्या मैत्रीचंही असंच असतं. आइसलँडने सैन्य ठेवलं नाही. 1949 पासून तो नाटोत आहे आणि 1951 च्या करारानुसार अमेरिकेची फौज केफ्लाविकच्या तळावर होती. 2006 मध्ये अमेरिकेने ती काढून घेतली. आइसलँडला ते नको होतं, पण निर्णय त्याच्या हातात नव्हता. करार आजही आहे, फौज मात्र गेली. उलट फिनलंड बघा. 1939-40 च्या हिवाळ्यात सोव्हिएत फौजेशी 105 दिवस लढला, मुलूख गमावला, पण देश राखला. पुढे सक्तीची लष्करी सेवा कधी बंद केली नाही. एप्रिल 2023 मध्ये नाटोत गेला तो युद्धकाळात 2 लाख 80 हजार माणसं उभी करण्याची तयारी घेऊन. रिकाम्या हाताने गेला नाही.

आता भूतान. 1949 च्या करारात एक कलम होतं, की परराष्ट्र व्यवहारात भूतान भारताच्या सल्ल्याने चालेल. हे वाचून आपल्याला लगेच तैनाती फौज आठवते, आणि आठवावीच. 31 डिसेंबर 1802 ला वसईला दुसऱ्या बाजीरावाने सही केली ती 6 हजार पायदळासाठी. खर्चापोटी 26 लाखांचा मुलूख गेला, आणि कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या सत्तेशी बोलायची सोयही गेली. फौज पेशव्यांच्या रक्षणाला, पण हुकूम कंपनीचा.

भूतानमध्ये मी जे पाहिलं ते वेगळं होतं. आपली प्रशिक्षण तुकडी 1962 पासून तिथे आहे, पश्चिमेकडच्या 'हा' नावाच्या खोऱ्यात. पारोहून चेलेला खिंड चढून पलीकडे उतरावं लागतं. थंडी अशी, की सकाळी रायफलच्या लोखंडाला उघडा हात लावला की कातडी चिकटल्यागत व्हायची. शिकवायचो आम्ही. नकाशा वाचन, हत्यार खोलणं-जोडणं, गस्त. पण पोरांना हुकूम द्यायचा तो त्यांचा अधिकारी, आणि सलामी त्यांच्या राजाच्या झेंड्याला. त्यांच्यातले काही अधिकारी आपल्या खडकवासल्याला शिकून गेलेले असतात. मराठी माणूस आहे म्हटल्यावर पुण्याची चौकशी करायचे, तेव्हा फार बरं वाटायचं.

याचा उपयोग कुठे झाला, तर डिसेंबर 2003 मध्ये. आसाम आणि उत्तर बंगालमधल्या उल्फा, एनडीएफबी, केएलओ या बंडखोर संघटनांनी दक्षिण भूतानच्या जंगलात तळ टाकले होते, साधारण तीस. भारताचा दबाव वाढत होता. भूतानने कित्येक वर्षं बोलणी करून पाहिली. ती फसल्यावर 15 डिसेंबरला स्वतःच कारवाई सुरू केली. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः मोर्चावर होते. आपली फौज सरहद्दीच्या अलीकडे नाकेबंदी करून उभी राहिली, आत गेली नाही. सगळे तळ उद्ध्वस्त झाले. माझी बदली त्याआधीच झाली होती, बातमी मी बेळगावात रजेवर असताना ऐकली. मी ज्यांना शिकवलं त्यातली पोरं तिथे असणार, आणि त्यांचेही जवान पडले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

भूतानकडे सैन्य नसतं तर काय झालं असतं, याचा विचार करा. तळ मोडायला आपल्यालाच आत जावं लागलं असतं, आणि परक्या देशात गेलेली फौज परत कधी येणार हे कुणी सांगू शकत नाही. "आमचं घर आम्ही साफ करतो" असं म्हणायला हातात झाडू लागतो. तो त्यांच्याकडे होता. पुढे फेब्रुवारी 2007 मध्ये करार नव्याने झाला तेव्हा ते सल्ल्याचं कलम निघालं. त्याला कारणं बरीच, पण 2003 त्यातलं मोठं, असं माझं मत आहे.

चीनपुढे मात्र तुमचं म्हणणं खरं आहे. 2017 च्या जूनमध्ये डोकलामला, म्हणजे भूतान आणि चीन दोघंही हक्क सांगतात त्या पठारावर, चिनी रस्ता रोखायला आपलेच जवान उभे राहिले आणि 28 ऑगस्टला दोन्हीकडची माणसं मागे हटली. पण ईशान्य भारताला जोडणारा सिलिगुडीचा चिंचोळा पट्टा तिथून जवळ आहे, म्हणजे आपलाही बांध त्यात होता.

मालदीवचं उदाहरणही थोडक्यात सांगतो. 3 नोव्हेंबर 1988 ला भाडोत्री बंडखोरांनी राजधानी माले घेतलं, तेव्हा त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी हाक दिली आणि त्याच रात्री आग्र्याहून आपले पॅराट्रूपर उतरले. काम झाल्यावर बहुतेक फौज परत आली. 2024 मध्ये मालदीवने दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्निअर विमान सांभाळणारे आपले सुमारे 80 लष्करी लोक परत पाठवले. 10 मेपर्यंत ते आले, त्यांच्या जागी आपलेच बिगर-लष्करी तंत्रज्ञ गेले आणि विमानं तिथेच राहिली. तेव्हा इकडे पुष्कळांना राग आला होता, मला आला नाही. जा म्हटल्यावर आपण गेलो, म्हणून पुढच्या वेळी हाक मारताना त्यांना भीती वाटणार नाही.