गिटार विकण्याआधी

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

तुझा मेसेज रात्री पावणेएकला आलेला, मी सकाळी उपासनेला निघताना पाहिला. ‘काका, सेव्हन-स्ट्रिंग विकायला काढलीये. बँडच्या ग्रुपवरपण लिहून टाकलं, आजपासून बंद. हेडनंपण एका दिवसात सगळं सोडलंच ना?’ खाली फोटो. पलंगावर उघडी केस, आत गिटार, फ्रेटबोर्ड तेल लावून पुसलेला. विकायची वस्तू माणूस पुसून ठेवतो हे खरं, पण प्रत्येक फ्रेटच्या कडेनं इतकं निगुतीनं कुणी पुसत नाही. उपासनेत माझं निम्मं लक्ष त्या फोटोत होतं.

तुझ्या मनात जे झालंय त्यावर मला शंका नाही. गेल्या महिन्यात तू माझ्या समोर बसून रडलास ते मी पाहिलंय. प्रभूनं हाक मारली म्हणतोस, मी ते मानतो आणि मला त्याचा आनंद आहे. पण हाक मारताना नेमकं काय टाकून ये म्हणाला, हे तू त्याला विचारलंस का? की ते दुसऱ्या कुणी सांगितलं?

हेडचं, म्हणजे कॉर्न या मेटल बँडच्या गिटारवादक ब्रायन वेल्चचं, नाव काढलंस म्हणून आता हे पत्र लांबणार. तू त्याच्या गोष्टीचा शेवटचा तुकडा तेवढा उचललायस.

ब्रायन वेल्च कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचा. तेलविहिरींचं, शेतीचं गाव. संगीतात नाव होतं ते कंट्री म्युझिकसाठी. तिथं १९९३ मध्ये कॉर्न उभा राहिला आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये पहिला अल्बम आला. सात तारांची गिटार आयबनेझ कंपनीनं १९९० मध्ये स्टीव्ह वाय या गिटारवादकासाठी बाजारात आणली होती, ती वेगानं सोलो वाजवणाऱ्याच्या हातातली वस्तू. हेड आणि बँडमधला दुसरा गिटारवादक मंकी यांनी तीच घेतली, सगळ्या तारा एका स्वरानं उतरवल्या, सातवी तार ‘बी’ स्वरावरून ‘ए’वर आणली, आणि सोलो जवळपास टाकूनच दिले. एक जण खाली ती जाड तार दाबून ठोकायचा, दुसरा वर बेसूर घंटेसारखे दोनतीन स्वर लावून धरायचा. तू हे माझ्यापेक्षा छान वाजवतोस. तुझ्या खोलीतल्या पत्र्याच्या कपाटाचं दार त्या ‘ए’ला थरथरतं, मी ऐकलंय.

त्या आवाजावर बँडचा गायक जोनाथन डेव्हिस काय गायचा? लहानपणी झालेला अत्याचार, शाळेतला छळ, स्वतःची घृणा. तुमच्या युवक ग्रुपमधला तो दादा म्हणतो ना, हे सैतानाचं संगीत? त्याला ८८वं स्तोत्र वाचायला सांग. ते शेवटपर्यंत अंधारात राहतं, शेवटीही उजेडाची ओळ येत नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढलं नाही. आणि डिस्टॉर्शन म्हणजे काय हे तुला मीच शिकवलंय: ॲम्प्लिफायरला पेलणार नाही एवढा सिग्नल दिला की लाटांचे शेंडे कापले जातात आणि स्वर खरवडल्यासारखा येतो. त्यात पाप कुठून येणार? पाप येतं ते माणसाबरोबर, गिटारच्या केबलमधून नाही.

हेडच्या बाबतीत ते कुठून आलं ते बघ. १९९८ आणि १९९९, लागोपाठ दोन अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. पुढं ग्रॅमी. आणि आतून माणूस मेथ या अमली पदार्थाच्या नशेत पार बुडालेला. १९९८ मध्येच त्याला मुलगी झाली. बायको निघून गेली, पोर त्याच्याकडे राहिली. बाप दौऱ्यावर, नशा सोबत. पाचेक वर्षांची ती मुलगी घरात एकदा गुणगुणत होती, आणि त्यानं कान देऊन ऐकलं तर ते बापाच्याच बँडचं १९९६ मधलं गाणं, सरळसरळ वासनेवरचं. हे त्यानं स्वतः कितीदा तरी सांगितलंय. माझ्या मते सगळी गोष्ट त्या क्षणाची आहे. स्टेजवर काही झालं नव्हतं. घरात, एका लहान पोरीच्या तोंडून झालं.

पुढं जमिनीच्या व्यवहारातल्या एका ओळखीच्या माणसानं त्याला ईमेलमध्ये मत्तयाच्या अकराव्या अध्यायातलं वचन पाठवलं. आपल्याकडे ते असं आहे: ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.’ तो चर्चला गेला. आणि घरी येऊन पुन्हा मेथ ओढली, त्या अमलातच प्रार्थना केली की हे माझ्याकडून काढून घे. हा भाग लोक साक्ष, म्हणजे आपल्या बदलाची गोष्ट, सांगताना गाळतात. तू गाळू नकोस. एका दिवसात काही झालं नव्हतं.

फेब्रुवारी २००५ मध्ये त्यानं कॉर्न सोडला. काय सोडलं? नशा सोडली. ज्या फिरतीत नशा आणि लेकरू एकत्र सांभाळता येत नव्हतं ती फिरती सोडली. गिटार सोडली नाही. २००८ मध्ये त्याचा स्वतःचा अल्बम आला, तोही तितकाच जड, आणि त्यातल्या एका गाण्याच्या व्हिडिओत नशेत माणूस किती खाली जातो ते उघड दाखवल्यामुळे काही ख्रिस्ती मंडळीच नाराज झाली. पुढं लव्ह अँड डेथ नावाचा बँड काढला. गिटार त्यानं कायमची केसमध्ये ठेवून दिली नाही.

तेव्हा तू स्वतःला विचार. तुझ्याकडे मेथ नाही. तुझ्यावर अवलंबून लेकरू नाही. मग तुझ्या आयुष्यात त्या दोन गोष्टींच्या जागी काय आहे? गिग संपल्यावरचं पिणं आहे का? दोन गाणी अशी आहेत का, जी आता तोंडातून निघत नाहीत? आईशी चार महिने धड बोलला नाहीस, ते आहे का? जे असेल ते सोड, आजच सोड, मी तुझ्यामागे उभा आहे. पण ते अवघड आहे म्हणून त्याच्याऐवजी गिटार देऊन टाकू नकोस. गिटार विकणं सोपं आहे. फोटो काढला, किंमत टाकली, झालं.

मी हे का सांगतोय ते ऐक. १९९७ मध्ये मी तुझ्याच वयाचा होतो. गिवसनची गिटार, गल्लीतल्या मित्रांचा बँड, खोकाभर कॅसेट. एका शिबिरात एका वक्त्याचं प्रवचन ऐकून आम्ही पाचसहा जणांनी मागच्या अंगणात कॅसेट जाळल्या. टेप लगेच जळत नाही बाळा, आधी आक्रसते, मग वळवळते, मग तिचा काळा गोळा होतो आणि तो वास दोन दिवस कपड्यांना राहतो. त्यात तीन कॅसेट माझ्या धाकट्या भावाच्या होत्या, मी त्याला विचारलंही नव्हतं. गिटार बाराशेला दिली. अकरा वर्षं मी वाद्याला हात लावला नाही, आणि या अकरा वर्षांत मी प्रभूच्या जवळ गेलो असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. मी कडक झालो. जी गोष्ट मी दिली होती ती दुसऱ्याच्या हातात दिसली की मला ती पाप वाटायची, कारण ती पाप नसेल तर मग मी कशासाठी दिली? भावानं माझ्यासमोर टेप लावणं बंद केलं. आज तो पंचेचाळिशीचा आहे, माझ्या गाडीत बसला तर अजूनही गाणं लावत नाही. मी माफी मागितलीये. तो हसून ‘सोड रे’ म्हणतो. पण गाणं लावत नाही.

हेडच्या गोष्टीतली दुसरी एक बाजू आहे, ती मला त्याच्याबद्दल प्रेम असूनही सांगावीशी वाटते. बँड सोडल्याची बातमी आली आणि आठवड्याच्या आतच तो बेकर्सफील्डच्या चर्चमध्ये सुमारे दहा हजार लोकांपुढे उभा होता. मार्चमध्ये यार्देन (जॉर्डन) नदीत बाप्तिस्मा, तिथंही कॅमेरे. नशेतून बाहेर पडून काही आठवडे झालेला माणूस! त्याला कुणीतरी हाताला धरून घरी बसवायला हवं होतं असं मला फार वाटतं. पुढं पैशाचे वांधे झाले, जुन्या सोबत्यांशी जाहीर शेरेबाजी झाली, आणि मुलगी मोठी होताना तिच्या मनाची जी दुखणी निघाली ती विश्वासामुळे आपोआप मिटली नाहीत. २०१८ च्या माहितीपटात बापलेक दोघंही ते मोकळेपणानं सांगतात. २०२१ मध्ये एका मुलाखतीत तो म्हणाला की सुरुवातीला माझा अतिरेक झाला, जसा नशेचा नाद होता तसाच धर्माचा लागला. हे बोलायला धैर्य लागतं. ते ऐकून त्याचा विश्वास मला कमी नाही, जास्त खरा वाटला.

म्हणून पुढचे सहा महिने साक्ष देऊ नकोस. तुमच्या युवक मेळाव्यात तुला माईक देतील, ‘मेटल सोडून आलेला मुलगा’ म्हणून. नको म्हण. नम्रपणे, पण नको म्हण. पाळकांशी बोलायचं असेल तर मी येतो सोबत.

आणि बँडचं. इथं मात्र मी तुझ्यावर रागावलोय. चार वर्षं ज्यांच्याबरोबर एका खोलीत घाम गाळलास, त्यांना रात्री साडेबाराला ग्रुपवर दोन ओळी? पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमाचे आगाऊ पैसे घेतलेत ना तुम्ही? ड्रमर पोरानं ॲम्पचा हप्ता तुझ्या भरवशावर उचलला ना? प्रत्येकाला जाऊन भेट. ठरलेला कार्यक्रम वाजव. जी दोन गाणी नको वाटतात ती नको म्हणून सांग, ते ऐकतील, ऐकले नाहीत तर पुढचं पुढे. त्या मुलांना ख्रिस्त पहिल्यांदा दिसणार तो तुझ्या वागण्यात. तो असा अर्ध्यात सोडून जाणारा दिसायला नको.

हेडचं काय झालं? मे २०१२ मध्ये कॅरोलायनातल्या एका महोत्सवात कॉर्न वाजवत होता, आणि सात वर्षांनी तो पुन्हा त्यांच्यात येऊन उभा राहिला. पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं वाजवलं. २०१३ मध्ये कायमचा परतला. तोवर फील्डीही, म्हणजे त्यांचा तेव्हाचा बास वाजवणारा, वडिलांच्या मृत्यूनंतर विश्वासात आलेला. आज हेड तीच सातवी तार, तोच ए वाजवतो, शुद्धीत. परतला म्हणून त्याला नावं ठेवणारे ख्रिस्ती होते, अजून आहेत. मला त्यांचं पटत नाही. जिथं तो बुडाला होता तिथंच त्याला कोरडं उभं राहिलेलं पाहणं ही मोठी गोष्ट आहे.

आपल्या घरातलं उदाहरण हवं तर रेव्हरंड टिळक घे. माझी आजी नगरची, तिच्याकडे त्यांची पदं तोंडपाठ होती. १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर मोडल्यासारखं झालं. लक्ष्मीबाईंनी काय सोसलं ते ‘स्मृतिचित्रे’त वाच, ते न वाचता कुणी धर्मांतराबद्दल बोलू नये असं मला वाटतं. पण टिळकांनी अभंग टाकला नाही. चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं गायली जात असताना त्यांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, कीर्तन उभं केलं. तुकोबांचा हात धरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते मानत. जे त्यांच्या हाडामाशीचं होतं तेच घेऊन ते आत गेले. तुझ्या हाडामाशीचं काय आहे ते मी चार वर्षं शिकवताना पाहिलंय.

हे सगळं वाचूनही सहा महिन्यांनी तुला वाटलं की नाही, ही गिटार माझ्या आणि देवाच्या मधे येते, तर मी स्वतः तुला गिऱ्हाईक बघून देईन आणि एक शब्द बोलणार नाही. काही जणांना खरंच सोडावी लागते. फक्त ते तुला कळलेलं असू दे, रात्री पावणेएकला कुणी चेतवलेलं नसू दे.

तोवर जाहिरात काढून टाक. शनिवारी सहाला माझ्याकडे ये, गिटार घेऊन. फोटो मोठा करून पाहिला. सगळी पुसलीस, पण ब्रिजपाशी, तळवा टेकतो तिथं, सातवी तार काळी पडलीये. माझ्याकडे बासष्ट गेजची, म्हणजे त्या जाडीची, एक तार पडून आहे, ती चढवू. आणि येताना आईला सांगून ये, कुठं चाललायस ते.

तुझा,
काका