वाचकांचे प्रश्न : कैलासच्या वाटेवरचे अली

प्रश्न : कैलास-मानसरोवरच्या काही सहलींच्या पत्रकांत ‘ल्हासाहून विमानाने अली’ असा टप्पा असतो. हे गाव नेमके कोठे आहे आणि एवढ्या आडबाजूच्या ठिकाणावरून प्रवासी का नेले जातात? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अली हे पश्चिम तिबेटमधील न्गारी विभागाचे मुख्यालय असून चिनी नकाशांत ते शिछ्वानहे या नावाने आढळते. कैलासच्या उत्तरेस उगम पावलेली सिंधू या गावातून वाहत पुढे देमचोकजवळ लडाखमध्ये शिरते. गावाची उंची सुमारे ४,२५० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या अडीचपटीहून अधिक आहे.

हे गाव प्राचीन नाही. ल्हासाच्या राजवटीचे अधिकारी पूर्वी सिंधूच्या गार या उपनदीच्या खोऱ्यातील गारतोक येथे असत आणि १९०४ च्या ब्रिटन-तिबेट करारानंतर ब्रिटिशांचा व्यापारी प्रतिनिधीही तेथेच येई. अली मुख्यालय म्हणून पुढे आले ते १९६०च्या दशकात, आणि त्याचे कारण रस्ता हे होय. शिनजियांगमधील येचेंगहून अक्साई चीन ओलांडून येणारा महामार्ग १९५७ मध्ये पूर्ण झाला. भारत-चीन सीमावाद चिघळण्यात ज्याचा मोठा वाटा होता, तोच हा रस्ता. आज तो अलीहून दक्षिणेस कैलासच्या पायथ्याजवळून जातो आणि सागा, ल्हात्से या गावांमार्गे ल्हासाच्या वाटेला मिळतो. गेर्झेमार्गे पूर्वेस जाणारा उत्तरेचा रस्ताही अलीतूनच फुटतो. शेकडो किलोमीटरच्या ओसाड पठारावर इंधन, रुग्णालय, बँक आणि बऱ्यापैकी हॉटेले एकाच ठिकाणी मिळतात ती येथे. जुलै २०१० मध्ये जवळच्या गुन्सा येथे ४,२७४ मीटर उंचीवर विमानतळ सुरू झाला आणि ल्हासाहून कित्येक दिवसांचा प्रवास दोन-एक तासांवर आला. भारत सरकारतर्फे लिपुलेख आणि नथू ला या मार्गांनी होणारी, २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालेली यात्रा मात्र अलीला जात नाही. अलीचा टप्पा असतो तो खासगी संस्थांच्या सहलींत.

प्रश्न : माझ्या आईचे वय बासष्ट आहे. प्रकृती ठीक आहे, पण एवढा लांबचा मोटारप्रवास तिला झेपणार नाही असे वाटते. ल्हासाहून थेट विमानाने अलीला गेलेले बरे नव्हे का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, तरीही माझा सल्ला उलट आहे : जाताना रस्ता घ्यावा आणि येताना विमान.

अलीला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच असतो. शरीर त्याची सवय करून घेते, पण त्यासाठी त्याला दिवस लागतात, आणि विमान नेमके तेच दिवस हिरावून घेते. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा वैद्यकीय दंडक आहे. ल्हासा (३,६५०), शिगात्से (३,८४०), ल्हात्से (सुमारे ४,०५०), सागा (सुमारे ४,४५०) असे मुक्काम केले, तर रस्ताच हा दंडक पाळतो. त्यानंतर कैलासच्या पायथ्याचे दारचेन सुमारे ४,६७० मीटरवर येते आणि परिक्रमेतील डोल्मा ला ही खिंड ५,६०० मीटरच्याही वर आहे, हे विसरता येत नाही.

दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते आणि ती पत्रकांत कधी छापलेली दिसत नाही. उंचीच्या गंभीर आजारावरचा खरा उपाय म्हणजे रुग्णाला तातडीने खाली उतरवणे. हिमालयातील चढाईत दरीच्या वाटेने काही तासांत हजार मीटर खाली येता येते; अलीच्या भोवती मात्र सारे पठारच असल्यामुळे गाडी तासन्‌तास धावली तरी उंची फारशी कमी होत नाही. झांदा किंवा तकलाकोट ही त्यातल्या त्यात खालची गावे, पण तीही कित्येक तासांच्या अंतरावर. म्हणून येथे आजार होऊ न देणे हाच शहाणपणा ठरतो. श्वास बसल्या जागी लागू लागला, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर प्राणवायू आणि डॉक्टर यांची वाट पाहत रात्र काढू नये.

विमानानेच जायचे ठरले, तर ल्हासात किमान तीन आणि अलीत दोन रात्री राहण्याची अट संस्थेकडून लेखी मान्य करून घ्यावी. अ‍ॅसिटाझोलमाइड या औषधाचा उपयोग होतो, परंतु ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास तसे त्यांना आवर्जून सांगावे.

प्रश्न : अलीत दोन दिवस मिळाले तर पाहण्यासारखे काय आहे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : गाव स्वतः नवे, सरळ रस्त्यांचे आणि सिमेंटच्या इमारतींचे आहे. पहिला दिवस तेथे स्वस्थ घालवावा. सगळीकडे बीजिंगची वेळ पाळली जात असल्याने घड्याळ भारतीय वेळेच्या अडीच तास पुढे असते आणि मध्यान्ह दुपारी पावणेतीनच्या सुमारास होते. त्यामुळे सकाळी सातला अंधार पाहून दचकू नये.

आणखी एक-दोन दिवस काढता आले, तर झांदाला अवश्य जावे. मातीच्या सुळक्यांनी कोरलेल्या सतलजच्या खोऱ्यात दहाव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झालेला थोलिंग मठ आहे. विक्रमशिला विद्यापीठाचे आचार्य अतिश दीपंकर १०४२ मध्ये येथेच आले. जवळच गुगे राज्याची राजधानी त्सापरांग उद्ध्वस्त अवस्थेत उभी आहे, आणि तेथील देवालयांतील भित्तिचित्रे पाहण्यासाठी वेगळा दिवस काढला तरी तो सत्कारणी लागेल. १६२४ मध्ये आंतोनियो दे आंद्रादे हा पोर्तुगीज जेझुइट धर्मोपदेशक माणा खिंडीतून येथे पोहोचला. परदेशी प्रवाशाला तिबेटमध्ये नोंदणीकृत संस्था आणि मार्गदर्शक यांच्याविना फिरता येत नाही, आणि परवान्यांवर गावांची नावे असतात. झांदा आणि त्सापरांग ही नावे त्यांत आहेत की नाहीत, हे निघण्यापूर्वीच तपासावे, कारण अलीत पोहोचल्यावर ती वाढवून मिळतीलच याचा भरवसा नसतो.