लगामाला चाबूक
प्रश्न: कठोपनिषदातलं रथाचं रूपक मला पाठ आहे. पण राग आला की काही आठवत नाही. मग वाचून उपयोग काय?

उत्तर: पाठ मलाही होतं हो! शरीर रथ, इंद्रियं घोडे, बुद्धी सारथी, आत्मा रथाचा स्वामी. मन मात्र घोडा नव्हे, लगाम. इथंच मी कित्येक वर्षं चुकले, मनालाच झोडपत बसले. लगामाला मारून काय होणार? तो धरणारा जागा हवा.

परवा धाकट्या जावेचा खोचक मेसेज आला. अंगठा टाइप करायला निघालासुद्धा. म्हटलं, हा घोडा! फोन पालथा घातला, भांडी घासली. तासाभरानं दोनच ओळी पाठवल्या. (एक तिखट होतीच.) तुम्ही पहिल्या अध्यायाची तिसरी वल्ली, म्हणजे हे रूपक आहे तो भाग, उघडा आणि आज कुठला घोडा उधळला, तेवढं समासात पेन्सिलीनं लिहा.