काचेवरच्या ‘हेर्ब’ला कुलचिन्ह म्हणावे का?

अठराव्या शतकातल्या पोलिश चषकांविषयी मराठीत लिहिताना त्यांवर कोरलेल्या ‘हेर्ब’ला, म्हणजे सरदार घराण्याच्या ढालीवरच्या चिन्हाला, राजचिन्ह, बोधचिन्ह की कुलचिन्ह म्हणावे, असा प्रश्न आला आहे.

बोधचिन्ह संस्थेचे किंवा स्पर्धेचे, ते इथे नको. राजचिन्ह राज्याचे, पोलंडचा पांढरा गरुड हे राजचिन्ह, सरदाराचा हेर्ब नव्हे. उरले कुलचिन्ह. ‘हेर्ब’ पोलिशमध्ये चेकमार्गे आला, मुळाशी जर्मन ‘एर्ब’ म्हणजे वारसा. त्यामुळे कुलचिन्ह अर्थालाही धरून आहे.

अडचण वेगळीच आहे. पोलंडमध्ये एकच हेर्ब अनेक घराण्यांचा असतो आणि त्याला स्वतःचे नाव असते. चंद्रकोर आणि तारा असलेला ‘लेलिवा’ तार्नोव्स्की घराण्याचा, तसाच शेन्याव्स्की घराण्याचाही. पोलंड आणि लिथुआनिया यांच्यातल्या १४१३च्या होरोद्लो करारात तर पोलिश सरदारांनी आपले हेर्ब लिथुआनियन सरदारांना देऊ केले. लिथुआनियातल्या रादझिविल या सरदार घराण्याचा तीन रणशिंगांचा ‘त्रोंबी’ हेर्ब त्या वेळी त्यांच्या पूर्वजांकडे आला. आपल्याकडे निरनिराळ्या आडनावांचे देवक एकच असू शकते, तसेच काहीसे हे. पण देवक पुजायचे आणि सोयरिकीत पाहायचे, हेर्ब मिरवायचा. म्हणून ‘देवक’ हा शब्द मी वापरणार नाही.

या रादझिविलांच्याच जहागिरीत, आजच्या बेलारूसमध्ये, नालिबोकी (१७२२) आणि उझेचे (१७३७) हे काचकारखाने निघाले. पहिला आन्ना कातार्झिना रादझिविल या कर्तबगार बाईंनी काढला. हेर्ब काचेवर छिन्नीने कोरत नसत. तांब्याच्या फिरत्या चकतीला तेलात कालवलेली कुरुंदाची पूड लावून त्यावर चषक टेकवत. काच खोलवर घासली जाई, पण बघणाऱ्याला मात्र आकृती उठून आल्यासारखी दिसते! हे काम इतके नाजूक आहे की ‘नक्षीदार ग्लास’ म्हणून त्याची बोळवण करू नये.

ढालीभोवती पुष्कळदा मालकाच्या नावाची आणि पदव्यांची आद्याक्षरे असतात. घराणे ओळखायला खरा आधार त्यांचाच. नुसती चंद्रकोर आणि तारा पाहून ‘शेन्याव्स्कींचे कुलचिन्ह’ असे लिहिले, तर चषक भलत्याच घरी जाईल. तेव्हा माझ्या मते पहिल्यांदा ‘लेलिवा हेर्ब (कुलचिन्ह)’ असे लिहावे, पुढे नुसते ‘हेर्ब’ म्हणावे, आणि घराण्याचे नाव आद्याक्षरे जुळली तरच द्यावे.